तार ताणलेलीच असते

अभाव हाही एक पदार्थ आहे, हे मी बी.ए.ला संस्कृत घेतलं तेव्हा पाठ केलं होतं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय ही नावं झाल्यावर सातवं नाव येतं ते अभावाचं. कणादाच्या मूळ सहा पदार्थांत तो नव्हता, पुढच्या वैशेषिकांनी तो घातला. 'जमिनीवर घडा नाही' हे न्यायशास्त्राचं लाडकं उदाहरण मी परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले आणि पुढे लग्न, शाळेतली नोकरी, शेत यांत ते कुठल्या कुठे गेलं. नसणं ही एक वस्तू कशी असेल, हा प्रश्न मात्र आत तसाच राहिला होता. त्याचं उत्तर मला चाळिशी उलटल्यावर आमच्या गावी, तामलवाडीत, भाच्याच्या गिटारवर तारा गप्प करायला शिकताना मिळालं.

भाचा सोलापूरला शिकतो. सुट्टीला आमच्याकडे येतो तेव्हा गिटार घेऊन येतो आणि जाताना मुद्दाम ठेवून जातो. कॉर्ड धरायला मी लवकर शिकले. बोटांना घट्टे पडले, जी, सी, डी, ई मायनर जमले, उजवा हात खाली-वर फिरू लागला. सहा तारा एकदम झंकारल्या की घर भरून जातं आणि शिकणाऱ्याला वाटतं, झालं! पण गाणं काही उभं राहीना. सगळा आवाज नुसता सांडत होता. भाच्याने ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, तू वाजवतेस छान, पण थांबवत नाहीस."

मग त्याने तो फटका दाखवला. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर उजवा हात नेहमीसारखाच खाली येतो, पण तारा छेडता छेडता तळव्याची अंगठ्याकडची कड तारांवर बसते. तारा खालच्या फ्रेटच्या धातूवर आपटतात आणि 'चट्' असा कोरडा आवाज होतो. त्याला सूर म्हणावा असा लांबीचा भाग नसतो. जन्मतो तिथेच संपतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गिटारबरोबर कुणीतरी हलगीवर टिपरू मारतंय. ब्रिजच्या कडेला करंगळीखालची तळव्याची कड नुसती टेकवून वाजवायचा दुसरा प्रकार आहे, त्यात सूर पुरता मरत नाही, दबून, जाडसर होऊन येतो. कड जरा पुढे सरकली की सगळंच बसतं आणि मागे राहिली की तारा मोकाट सुटतात. स्पेनच्या फ्लामेंको वादकांची तर गिटारच्या लाकडावर बोटांनी ठोके देण्याची जुनी रीत आहे, लाकूड खराब होऊ नये म्हणून ते त्यावर पातळ पट्टी बसवतात.

यातला मला सर्वांत अवघड गेलेला आणि ज्याच्यासाठी हा लेख लिहिते आहे तो भाग डाव्या हाताचा. उजव्या हाताचा फटका निदान दिसतो. डाव्या हाताचं काम कुणाला दिसत नाही. कॉर्ड धरलेली असते, बोटांनी तारा फ्रेटवर दाबलेल्या असतात. गप्प करायचं म्हणजे बोटं उचलायची नाहीत. उचलली तर मोकळी तार वाजते आणि भलताच सूर बाहेर पडतो. बोटं तारेवर तशीच ठेवायची आणि फक्त दाब काढून घ्यायचा. स्पर्श राहतो, जोर जातो. तेही एकाच बोटाने केलं आणि ते बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या वर आलं तर तार गप्प होण्याऐवजी काचेसारखा बारीक सूर देते. म्हणून दोन-तीन बोटं टेकलेली लागतात. आणि हे चालू असताना उजवा हात थांबत नाही. तो खाली-वर, खाली-वर जातच राहतो, गप्प तारांवरूनही. तो थांबला की ताल मोडला.

नैयायिकांचं म्हणणं मला इथे समजलं. ते सांगतात की अभाव कधी सुटा नसतो, तो नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. घड्याचा अभाव वेगळा, कापडाचा अभाव वेगळा, दोन्हीकडे रिकामी जमीनच दिसत असली तरी. कॉलेजात मला ही निव्वळ शब्दांची कसरत वाटायची. पण जी कॉर्ड वाजवून थांबवलेली शांतता आणि ई मायनर वाजवून थांबवलेली शांतता एकसारखी नसते, हे कुणीही कान देऊन ऐकावं. पहिलीत काहीतरी पुरं झालेलं असतं, दुसरीत काहीतरी राहून गेलेलं. दोन्ही वेळा तारा गप्प आहेत. फरक आहे तो गेलेल्या सुराचा. मीमांसक कुमारिल भट्टांनी तर अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षच दिसतो. मीमांसकांपैकीच प्रभाकरांनी दोघांचंही नाकारलं, त्यांच्या मते रिकामी जमीन म्हणजे जमीनच, तिथे आणखी काही नाही. शेकडो वर्षं चाललेला हा वाद आहे आणि मी काही पंडित नव्हे. पण माझा कौल नैयायिकांना आहे. चौथ्या मात्रेवरचं ते नसणं मी माझ्या हाताने घडवते, ते जरा उशिरा आलं तर गाणं लंगडतं. जे वेळेवर किंवा उशिरा येऊ शकतं, ते नाहीच असं कसं म्हणायचं?

आपल्याकडच्या तालशास्त्राला हे ठाऊक होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात आणि पुढे शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात ताल मोजण्याच्या हाताच्या क्रिया दोन गटांत येतात, सशब्द आणि निःशब्द. ध्रुव, शम्या, ताल, संनिपात या आवाजाच्या. आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या बिनआवाजाच्या, ज्यांत हात मिटतो, उघडतो, बाजूला जातो, परत आत येतो. चार वाजणाऱ्या, चार न वाजणाऱ्या, आणि दोन्हींना क्रियाच म्हटलंय. आजच्या तबल्यातली खाली ही त्याच घरची. तीनतालात सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेवर टाळी देत नाहीत, हात नुसता हलवून दाखवतात, आणि तिच्या पाठोपाठ डग्ग्याचा घुमारा काही मात्रा गळतो. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघण राजाच्या पदरी होता, त्याचे आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आले. म्हणजे हा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला. संगीत शिकणाऱ्या इथल्या किती मुलांना हे सांगितलं जातं? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तारेवर ताल धरण्यासाठी गिटारची वाट पाहायची आम्हाला गरज नव्हती. तुणतुणं आमच्या घरात भिंतीवर आहे. पोकळ नळा, त्याच्या तळाला कातडं, कातड्यातून निघालेली एकच तार वर दांडीच्या खुंटीला बांधलेली. तार छेडली की कातडं हादरतं, म्हणून त्याच्या सुरातच ठोका असतो. चौंडकंही तसंच, त्याची तार ताणत-सैल सोडत वाजवली की आवाज चढतो, उतरतो, बोलल्यासारखा होतो. गोंधळी परंपरेत सांगतात की परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचं आणि शिरांच्या तंतूंचं वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं. ती कथा अक्षरशः घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तिच्यात एवढं दिसतं की आमच्याकडे तार आणि ठोका यांची ताटातूट कधी झालीच नव्हती.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवीच्या आराधी आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवार-शुक्रवारी परडी. गाणी त्या म्हणायच्या आणि तुणतुणं मामंजी, म्हणजे माझे सासरे, धरायचे. मी गिटारवर फटक्याचा सराव करत असले की त्या पलीकडे शेंगा फोडत बसतात आणि हाताकडे बघतात. एकदा म्हणाल्या, "तार हाणून उपेग नाही बाई, तिला धरलं पायजे." मामंजी काय करायचे ते त्यांनी माझ्या बोटावर बोट ठेवून दाखवलं. कडवं संपताना ते तारेला बोट लावायचे, म्हणजे आत्याबाईंचा शेवटचा शब्द उघडा पडायचा. डाव्या हाताचं जे मला भाच्याकडून शिकावं लागलं, ते या घरात होतंच.

मामंजी गेले त्या वर्षी सुतक फिटेपर्यंत तुणतुणं कुणी खाली काढलं नाही. नंतर काढलं तेव्हा आत्याबाई गायल्या, वाजवलं दिराने, आणि कडव्याच्या शेवटी तार झणाणत राहिली. त्या क्षणी घरातल्या सगळ्यांना कळलं की इथे एक बोट नाही. नैयायिक ज्याला प्रध्वंसाभाव म्हणतात तो हा. त्यांच्या मते त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. घडा फुटला, त्याच्या नसण्याची सुरुवात झाली, आता ते नसणं कधीच संपणार नाही. पुन्हा घडा केलात तरी तो दुसरा घडा. ही व्याख्या कठोर आहे, पण तिने मला खोटा धीर दिला नाही, आणि त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

इथवर तर्क सरळ चालतो. तो अडतो तुळजापुरात.

आमची देवी वर्षातून तीनदा निजते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून हलवता येते. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपदाच्या वद्य अष्टमीपासून ती निजते आणि घटस्थापनेच्या पहाटे सिंहासनावर येते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा पलंगावर जाते आणि अश्विन पौर्णिमेला, कोजागिरीला, उठते. तिसऱ्यांदा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्यानंतरच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढून देवी दमलेली असते म्हणून ही विश्रांती. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. पलंगही दूरचा प्रवास करून येतो, वाटेतल्या गावागावांत त्याचं दर्शन घेतात. देवी निजावी म्हणून इतके लोक इतकी पायपीट करतात, याचा विचार केला की मला त्या निःशब्द क्रिया आठवतात. देवीचं निजणं हे नित्योपचारात पडलेलं भगदाड नाही, ते उपचारांचाच भाग आहे. त्याला तिथी आहे, मान आहे, मानकरी आहेत.

मग देवी निजलेली असते तेव्हा ती असते की नसते? प्रश्न वेडगळ वाटेल, पण आमच्या गावाला तो टाळता येत नाही. सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता तामलवाडीवरून जातो, आणि कोजागिरीला त्या रस्त्यावरून माणसांची रीघ लागते. सोलापूरची, कर्नाटकातली, तेलंगणातली माणसं अनवाणी चालत येतात. सोलापुरातून तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, आम्ही मध्यावर. एरवी टोलनाक्यावर ट्रकांची रांग असते, त्या दिवसांत वाहनं दुसरीकडून वळवतात आणि चौपदरी रस्ता पायांचा होतो. सोयाबीन काढणीला आलेलं किंवा नुकतंच निघालेलं असतं, रानात माणसं थकलेली असतात, तरी रस्त्याकडेला कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी चालणाऱ्यांचे पाय चेपून देतं. आणि हे सगळे लोक चालत असतात तेव्हा देवी पलंगावर निजलेली असते. ती उठायच्या वेळी पोचावं, असा तो हिशेब. म्हणजे वाटेतला सारा उदोकार, 'आई राजा उदो उदो', निजलेल्या देवीच्या नावाने चाललेला असतो.

न्यायाच्या चौकटीत हे बसवून पाहिलं. प्रध्वंसाभाव नव्हे, कारण तो संपत नाही आणि ही झोप पौर्णिमेला संपते. प्रागभावही नव्हे. प्रागभाव म्हणजे घडा घडण्याआधीचं त्याचं नसणं, त्याला सुरुवात नसते, शेवट असतो. देवीच्या झोपेला सुरुवातही आहे, शेवटही आहे. अत्यंताभाव तर नाहीच, तो तिन्ही काळांत असतो. म्हणजे हे नसणं अभावाच्या खात्यात मावत नाही, आणि जे मावत नाही ते नसणं नव्हेच. तर्काने मला इथवर आणलं, पण मग ते काय आहे, हे तर्क सांगेना. ते हाताने सांगितलं. गप्प केलेली तार ढिली नसते. खुंटी तशीच पिळलेली असते, सूर लावलेला असतो, तार पूर्ण ताणात असते. फक्त बोट टेकलेलं असतं. बोट हललं की तोच सूर. तुटलेली तारही गप्प असते, पण ती गप्प वेगळी. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील. ज्याचं बोट तारेवर आहे त्याला फरक कळतो, कारण त्याला ताण जाणवतो.

हे मी आत्याबाईंना माझ्या भाषेत सांगितलं. मनात कुठेतरी होतं की मामंजीही असेच निजलेत असं त्या म्हणतील आणि मलाही बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "न्हाई. ते गेले. देवी निजती. दोन्ही येगळं हाय." आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मी जितकं वाचलंय त्यात या दोन शांततांमधला भेद इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेला नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. कीर्तनात ऐकलाय, पुस्तकांतही वाचलाय. आहत नाद म्हणजे आघाताने झालेला, तो लौकिक. अनाहत तो खरा, योग्यांचा. मग तारा छेडणं काय आणि थांबवणं काय, दोन्ही खालच्या पायरीचीच. संगीतरत्नाकरही नादाचे हे दोन भेद सांगतो. पण तो ग्रंथ अनाहताला नमस्कार करून आहताकडे वळतो आणि सात अध्याय आहताचेच लिहितो, कारण लोकांचं रंजन आणि भवभंजन दोन्ही आहताने होतं अशी त्याची भूमिका आहे. हठयोगप्रदीपिकेतलं नादानुसंधान घ्या. तिथेही साधक आधी मेघ, भेरी असे मोठे आवाज ऐकतो, मग शंख, घंटा, मग बासरी, वीणा, भुंग्याची गुणगुण, आणि मग निःशब्द. आवाज ओलांडायचे आहेत, पण एकेकाला कान देऊन. ज्याने आवाज केला नाही आणि थांबवला नाही, त्याची शांतता कशाचीच नसते. प्रतियोगीच नाही. माझ्या शाळेतल्या काही पालकांना वाटतं की देवघरात गप्प बसणारं मूल शहाणं आणि परातीवर ठेका धरणारं उनाड. मला परातीवर ठेका धरणाऱ्या मुलाची काळजी नाही. त्याला खाली कुठे येते ते शिकवलं की पुरे.

आणि वैराग्याबद्दलही माझं मत या सरावाने बदललं. वैराग्य म्हणजे सोडून जाणं असं मी मानत होते, म्हणून ते मला परकं होतं. घर, शेत, शाळा, आत्याबाईंची औषधं यातलं काय सोडणार? गीतेच्या अठराव्या अध्यायात संन्यास आणि त्याग यांत भेद केला आहे. कर्म टाकू नये, फळावरची आसक्ती टाकावी. वाचताना हे दर वेळी पटायचं आणि पुस्तक मिटलं की हातात काही उरायचं नाही. आता उरतं. बोट तारेवर ठेवून दाब काढता येतो, आणि त्या वेळी दुसरा हात आपलं काम चालू ठेवतो. मुलगा पुण्याला गेला, तेव्हा त्याला रोज फोन करायची माझी धडपड चालायची. फोन मी बंद केला नाही. दाब काढला. त्याला ते कळलं असावं, कारण आता तो आपणहून बोलतो. याला वैराग्य म्हणणं मोठं वाटेल कुणाला, पण माझ्या वाट्याचं वैराग्य एवढंच आहे आणि ते मी खरं मानते.

आता एक मागणं, कोजागिरीला आमच्या रस्त्याने येणाऱ्यांकडे. अलीकडे चालणाऱ्यांच्या मागे गाडीवर भलेमोठे स्पीकर लावून येणारे गट वाढलेत. त्यांच्या भक्तीवर मला शंका नाही. पण त्या आवाजात खाली नसते, तो मधे कुठे थांबत नाही, शेजारच्या म्हाताऱ्या बाईचा उदो त्यात बुडून जातो. रस्त्यावरच्या त्या रात्री देवी श्रमनिद्रेत असते. आपण निजलेल्या आईकडे निघालो आहोत. संबळ आणा, हलगी आणा, तुणतुणं आणा, पोरांना हौस असेल तर गिटारही आणा, टाळ्या तर हाताशीच आहेत. स्पीकर सोलापुरातच ठेवून या.